ग्वाल्हेरला राहायला येताय? आधी दिवसाचं वेळापत्रक बदला

बदली असो, लग्न असो की शिक्षण, महाराष्ट्रातून ग्वाल्हेरला येणारं माणूस आधी घरभाडं विचारतं, मग शाळा, मग आपल्याकडचे पोहे-मेतकूट कुठे मिळतं ते. लष्कर या शहराच्या जुन्या मराठी वस्तीच्या भागात राहायचं म्हटलं की यातल्या कशाचीच अडचण येत नाही. चिटणीस की गोठ, जिवाजीगंज, दानाओली, कुठेही दार वाजवा, मराठीत उत्तर मिळेल. अडचण येते ती हवेची. मी साताऱ्याकडून लग्न होऊन इथे आले, आता नातवंडं इथेच शाळेत जातात. नव्या सुना, बँकेत बदलून आलेले तरुण आणि वसतिगृहातली मुलं यांना मी एकच गोष्ट सांगते: कूलर, हीटर, रजया नंतर घ्या, आधी उठायची, जेवायची, बाहेर पडायची वेळ बदला. पुण्याचं वेळापत्रक इथे मे महिन्यात किंवा जानेवारीत चालवायला गेलात तर पैसे खर्चूनही हाल होतात.

पहिला धक्का पंचांगातच बसतो. आपल्याकडे रोहिणी म्हटलं की वळवाच्या सरी आणि मृग म्हटलं की पेरणी. इथे सूर्य रोहिणीत गेला, म्हणजे साधारण 25 मेला, की नौतपा लागतो. वर्षातले सर्वांत कडक मानले जाणारे ते नऊ दिवस. मृगातही इथे पावसाचा पत्ता नसतो, धुळीच्या आंध्या असतात. मोसमी पाऊस पुण्यात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, ग्वाल्हेरला तो पोहोचेपर्यंत जून संपत आलेला असतो. त्यामुळे "सात जून झाला, आता सुटलो" असं मनात धरू नका. जूनचे उरलेले तीन आठवडे माणसाला सर्वांत जास्त थकवतात.

मेमध्ये पारा 45च्या पुढे जाणं इथे नवलाचं नाही. समुद्र लांब, पश्चिमेकडून राजस्थानच्या वाळवंटावरून तापून आलेला कोरडा वारा आणि शहराभोवती दिवसभर तापणाऱ्या उघड्या दगडी टेकड्या. या वाऱ्याला सगळे लू म्हणतात. हवामान खात्याच्या नियमाप्रमाणे मैदानी भागात 45 अंश झाले की उष्णतेची लाट आणि 47 झाले की तीव्र लाट. कामं सकाळी दहाच्या आत उरका. भाजी, बँक, दवाखाना सगळं. दुपारी बारा ते पाच दारं-खिडक्या बंद, पडदे ओढलेले. बाजार पुन्हा संध्याकाळी सहानंतर. महाराज बाड्यावर, म्हणजे लष्करातल्या मुख्य बाजारचौकात, मेमधल्या दुपारी तीनला आणि रात्री नऊला काय फरक असतो तो एकदा पाहा, म्हणजे इथली माणसं दिवस कसा वाटून घेतात ते कळेल. खिशात कांदा ठेवायचा असेल तर जरूर ठेवा, माझे सासरेही ठेवायचे. पण खरं काम पाण्याचं आणि मिठाचं. कैरी उकडून, जिरं-काळं मीठ घालून केलेलं पन्हं रोज घरात असू द्या. ताक असू द्या. जुलाब-उलट्या झाल्या तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण फ्रीजच्या दारावर लिहून लावा. माणूस बडबडायला लागलं, अंग भाजतंय असं लागलं, शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात. आधी सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, पंखा लावा आणि लगेच 108ला फोन करा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

कूलरबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसांनी तो वापरलेलाच नसतो. खोली बंद करून मधोमध कूलर लावतात आणि तासाभराने अंग चिकचिकीत झालं म्हणून तक्रार करतात. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर गार करतो, म्हणून त्याला आत खेचायला बाहेरची कोरडी हवा हवी आणि ओली हवा जायला वाट हवी. तो खिडकीत, पाठ बाहेर करून बसवा आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. एवढ्यानेच खोली राहण्यासारखी होते. खस (आपला वाळा) किंवा लाकडाच्या भुश्श्याच्या जाळ्या दर उन्हाळ्यात बदलाव्या लागतात. इथल्या पाण्याने त्यांच्यावर पांढरा थर बसतो आणि हवा अडते. आणखी महत्त्वाचं म्हणजे अर्थिंग. पत्र्याच्या कूलरला ओल्या हाताने, चालू असताना हात लावून दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. पाणी भरताना स्विच बंद नव्हे, प्लगच काढा. मुलांनाही हे नीट शिकवा. पावसाळा लागला की हवेतच दमटपणा असतो, मग कूलरचा उपयोग नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तो नुसता पंखा समजा.

घर भाड्याने घेताना सर्वांत वरचा मजला स्वस्त मिळतो, तो का स्वस्त असतो ते लक्षात घ्या. जुन्या घरांच्या दगडी पट्ट्यांची छतं असोत की नवे स्लॅब, दिवसभर प्यालेलं ऊन ती मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत राहतात. दुसरा पर्याय नसेल तर मार्चमध्येच घरमालकाला विचारून गच्चीला चुन्याचा पांढरा हात मारून घ्या. खर्च थोडा असतो आणि फरक त्याच रात्री कळतो. गच्चीवर पाणी मारू नका. तिघरा धरणाच्या पाण्यावर हे शहर जगतं आणि टंचाईच्या वर्षी ते एक दिवसाआड येतं.

रात्रीच्या उकाड्याला मी इतकं महत्त्व देते, त्याला कारण आहे. आमची निम्मी मुलं आज परदेशात आहेत आणि तिकडच्या बातम्या फोनवर येतात. 2003 साली युरोपात ऑगस्टमध्ये उष्णतेची लाट आली, सत्तर हजारांहून जास्त माणसं गेली. फ्रान्समध्ये गेलेल्यांत एकटी राहणारी म्हातारी माणसं फार होती. 2021च्या जूनअखेर कॅनडात लिटन नावाच्या गावी 49.6 अंश नोंदले गेले. आपल्या नौतप्यालाही मागे टाकणारा आकडा, आणि तोही थंडीसाठी ओळखल्या जाणाऱ्या देशात. त्या प्रांतात सहाशेहून जास्त माणसं उष्म्याने दगावली, आणि जवळजवळ सगळी घराच्या आत. रस्त्यावर नाही, शेतात नाही, घरात. आपल्या शेजारच्या अहमदाबादेने 2010च्या मेमधले मृत्यू मोजल्यावर 2013मध्ये उष्म्यासाठी शहराची वेगळी कृती-योजनाच केली. त्यात इशारे आहेत, दवाखान्यांची तयारी आहे, पांढरी छतंही आहेत. आपल्या पातळीवर आपण एवढं तरी करू शकतो: गल्लीत एकटे राहणारे काका-काकू कोण, हे आल्या आल्या माहीत करून घ्या आणि उन्हाळ्यात संध्याकाळी त्यांचं दार वाजवा. लष्करातल्या जुन्या वाड्यांमध्ये हे न सांगता होतं. नव्या कॉलन्यांमध्ये कुणीतरी सुरुवात करायला लागते. तुम्ही नवीन आहात, ओळख व्हायलाही ते निमित्त चांगलं.

आंधीचा नियम सोपा. संध्याकाळी पश्चिमेला आकाश पिवळं-तांबूस झालं की वाळत घातलेले कपडे काढा, गाडी कडुनिंबाखालून आणि होर्डिंगखालून हलवा, घरात या. विजा पडून माणसं जाण्यात मध्य प्रदेशचा क्रमांक देशात वरचा आहे. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेने केलेलं 'दामिनी' ॲप फोनमध्ये ठेवा, जवळपास वीज पडण्याची शक्यता ते सांगतं.

पावसाळा इथे छोटा, पण तो भोळा नाही. तिघऱ्याचं धरण बांधून झालं आणि 1917च्या ऑगस्टमध्ये फुटलं, शेकडो माणसं वाहून गेली. ही आठवण शहराच्या जुन्या घरांत अजून आहे. 2021च्या ऑगस्टमध्ये सिंध नदीला असा पूर आला की दतिया जिल्ह्यातले पूल वाहून गेले. रतनगढच्या किंवा शिवपुरीच्या वाटेवर रपट्यावरून, म्हणजे ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका, मग ते घोट्याएवढं दिसत असलं तरी.

आणि आता अवेळीचं. मार्च 2022 हा देशात 1901पासूनचा सर्वांत तापलेला मार्च ठरला. गव्हाचा दाणा भरायच्या वेळीच ऊन लागलं, दाणा बारीक राहिला, आणि मेमध्ये सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. आम्ही इथे वर्षाचा गहू एप्रिलमध्ये भरतो, तुम्हीही भराल. विकत घेताना मूठभर दाणे तळहातावर घेऊन उन्हात बघा: सुरकुतलेला, हलका दाणा म्हणजे उन्हाने मारलेला. चमक गेलेला, फिकट दाणा म्हणजे कापणीच्या वेळी भिजलेला, तो साठवणीत लवकर किडतो. थंडीतला पाऊस मात्र वेगळा. त्याला इथेही मावठच म्हणतात आणि गव्हाला तो हवा असतो. आपल्याकडे मावठ्याने द्राक्षवाल्यांच्या पोटात गोळा येतो, इथे मोरेना-भिंडच्या मोहरीवाल्याला धडकी भरते ती गारांची आणि पाल्याची, म्हणजे पिकावर दव गोठण्याची. होळी जळाली, थंडी पळाली, असं आपण म्हणतो. इथे होळीनंतरही एखादा स्वेटर बाहेर राहू द्या.

थंडीला पुण्याच्या मापाने मोजू नका. आकडा चार-पाच अंशांचा दिसतो, पण त्रास होतो तो सलग काही दिवस सूर्यच न दिसल्याने. मावठ पडून गेली, वारा थांबला, रात्री आभाळ निरभ्र राहिलं की जमिनीलगतची ओली हवा गारठते आणि सकाळी समोरचं घर दिसत नाही. सकाळची अंघोळ दुपारी बारावर न्या, म्हाताऱ्यांचं पहाटेचं फिरणं बंद करा, कपडे दोन दिवसांत वाळणार नाहीत असं धरून जास्तीचे जोड ठेवा. जानेवारीत जिल्हाधिकारी शाळांच्या वेळा बदलतात किंवा सुट्टी देतात, त्या आदेशाची आदल्या संध्याकाळी चौकशी करा. रजई इथेच पिंजून भरून घ्या. खोलीत सिगडी किंवा कोळशाची शेगडी घेऊन झोपू नका. तिच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, माणूस झोपेतच जातं. न्हाणीघरातल्या गॅस गीझरलाही हेच लागू, झरोका उघडा हवाच. बाकी हा ऋतू देखणा आहे. डिसेंबरात तानसेन समारोह असतो, 1905पासून चालत आलेला ग्वाल्हेरचा मेळा भरतो, मोरेन्याची ताजी तिळाची गजक येते. शाल-टोपी घालून सगळं बघा.

संक्रांतीला गावी जायचा विचार असेल तर तिकीट काढताना गाडी कुठून येते ते पाहा. झेलम जम्मूहून, पंजाब मेल फिरोजपूरहून येते. उत्तरेच्या धुक्यातून ती ग्वाल्हेरला येईपर्यंत कित्येक तास उशीर होऊ शकतो. पुण्यात पोहोचल्या दिवशीच मुंज, परीक्षा किंवा पुढची गाडी ठेवू नका, मध्ये एक दिवस मोकळा सोडा. स्टेशनला निघण्याआधी गाडीने आग्रा सोडलं का ते फोनवर बघा, तोवर घरीच रजईत बसा. मुलांसाठी थर्मासमध्ये गरम दूध आणि डब्यात दोन वेळचे दशमी-पिठलं घ्या.