कपाशीवर फवारताना या चुका टाळा

ऑगस्ट लागला की दरवर्षी तेच चित्र. पऱ्हाटी छातीला लागलेली, पाठीवर पंप, अंगात जुना सदरा, पाय उघडे आणि नाकाला रुमाल. रुमाल बांधला की झालं, असं बहुतेकांना वाटतं. इथेच घात होतो. फवारणाऱ्याच्या अंगात औषध नाकापेक्षा कातडीतून जास्त जातं. कापडी रुमालानं वाफ अडत नाही, उलट तुषारांनी भिजलेला रुमाल औषध तोंडाशी धरून ठेवतो.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. त्या साली पऱ्हाटी डोक्यापर्यंत वाढली होती. नोझल वर धरून फवारायचं आणि ते पुन्हा अंगावरच घ्यायचं, असं चाललं होतं. माझ्या चुलतभावाच्या पंपाचं झाकण नीट बसत नव्हतं, पाठ पूर्ण ओली. मी म्हटलं, सदरा बदल. "दोनच पंप रायले, दादा." संध्याकाळी त्याला अंधुक दिसायला लागलं, दरदरून घाम, तोंडातून लाळ. दवाखान्यात डॉक्टरांचा पहिला प्रश्न, औषध कोणतं? कुणालाच सांगता येईना. बाटल्या वावरात राहिल्या होत्या आणि ड्रममध्ये तीन औषधं एकत्र केलेली. तो वाचला, पण बाटल्या आणण्यात तासभर गेला. तेव्हापासून मी धुऱ्यावर कळशीभर पाणी, साबण आणि कोरडा सदरा ठेवतो. अंग भिजलं की पंप खाली, मग एकच ओळ उरलेली असो. आणि बाटली फोडण्याआधी लेबलाचा फोटो मोबाईलमध्ये.

दुसरी चूक हीच भेसळ. नव्या पोरांना एका फेरीत सगळ्या किडी मारायच्या असतात, म्हणून दोन कीटकनाशकं, वर बुरशीनाशक, वर टॉनिक. प्रोफेनोफॉससारख्या औषधाच्या विषबाधेवर अॅट्रोपीनचा उतारा आहे. सायपरमेथ्रिनला तसा ठरावीक उतारा नाही, लक्षणं बघूनच उपचार करावे लागतात. दोन्ही एकत्र अंगात गेली तर डॉक्टरांनी काय ओळखायचं? मी एका वेळी एकच औषध फवारतो. दिवस जास्त लागतात, लागू द्या.

बाटलीवरचा त्रिकोण बघा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे.

नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकू नका, जुना टूथब्रश वापरा. मधेच तंबाखू-सुपारीचा खर्रा नको. वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका.

रिकाम्या डब्यात तेल-पाणी भरणाऱ्यांना मी एकच सांगतो. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात तेलातून मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक गेलेलं शाळेतलं जेवण खाऊन २३ लेकरं दगावली. डबा ठेचा, भोकं पाडा.

फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका, धुणारीच्या हातांनाही तेच औषध लागतं. माझे मी वेगळ्या बादलीत, विहिरीपासून लांब, हातमोजे घालून स्वतः धुतो.