अमेरिकेतील फेडरल जिल्हा न्यायाधीशाची कारकीर्द कशी अभ्यासावी

अमेरिकेतील फेडरल (म्हणजे केंद्रीय) न्यायाधीशांविषयी मराठीत लिहिताना बहुतेकदा दोनच गोष्टी सांगितल्या जातात : कोणत्या राष्ट्राध्यक्षाने नेमले आणि कोणता गाजलेला निकाल दिला. जिथे साक्षीपुरावा प्रत्यक्ष नोंदवला जातो, ज्यूरी बसते आणि शिक्षा ठोठावली जाते, त्या न्यायालयातील न्यायाधीशाचे काम एवढ्यावरून कळत नाही. ते समजून घेण्याची एक रीत पुढे दिली आहे. उदाहरण म्हणून न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्याच्या न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मॉटली (1921–2005) यांची कारकीर्द घेतली आहे, कारण फेडरल न्यायाधीश झालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला होत्या आणि त्यांचे निकाल आजही सहज वाचायला मिळतात.

प्रथम आपल्याकडील जिल्हा न्यायालयाचे चित्र बाजूला ठेवावे. अमेरिकेत असे 94 फेडरल जिल्हे आहेत. तेथील न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या संमतीने नेमतात, त्यांना निवृत्तीचे वय नसते आणि पदावर असताना त्यांचे वेतन कमी करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत एकटे बसून दावे चालवणारे न्यायमूर्ती डोळ्यांसमोर आणले, तर या पदाचा अंदाज अधिक चांगला येतो.

सुरुवात फेडरल ज्युडिशियल सेंटर या सरकारी संस्थेच्या चरित्रसूचीपासून करावी. 1789 पासूनच्या आजीव नेमणुकीच्या न्यायाधीशांची जन्म, शिक्षण, पूर्वीचे व्यवसाय, नामांकन आणि संमती यांची माहिती तेथे मिळते. या तारखा नुसत्या उतरवून घेऊ नयेत, त्यांच्यामधील अंतर पाहावे. मॉटली यांचे नामांकन राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी 26 जानेवारी 1966 रोजी पाठवले आणि सिनेटची संमती मिळाली 30 ऑगस्टला. हे सात महिने कुठे गेले, असे विचारले की सिनेटच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष, मिसिसिपीचे जेम्स ईस्टलंड, यांच्या विरोधापाशी आपण पोहोचतो. त्याच मिसिसिपीच्या, तोवर गोऱ्यांपुरत्याच असलेल्या विद्यापीठात 1962 मध्ये जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश मिळवून देणाऱ्या खटल्यात मॉटली वकील होत्या, हे कळल्यावर विलंबाचा संदर्भ वेगळा सांगावा लागत नाही.

त्यानंतर न्यायासनापूर्वीचे आयुष्य पाहावे. फेडरल न्यायाधीशासाठी अमेरिकी राज्यघटनेत वयाची किंवा शिक्षणाची कोणतीही अट नाही, त्यामुळे पूर्वीचा व्यवसाय हीच व्यवहारात पात्रतेची मुख्य खूण ठरते. कोणी सरकारी वकील असतो, कोणी मोठ्या वकिली कंपनीतला भागीदार, तर कोणी राज्य न्यायालयातला न्यायाधीश. कॅरिबियनमधील नेव्हिस बेटावरून आलेल्या कुटुंबातल्या मॉटली 1946 मध्ये कोलंबिया विद्यापीठातून कायदा शिकून बाहेर पडल्या. नागरी हक्कांच्या वकील म्हणून त्यांनी सर्वोच्च न्यायालयात दहा प्रकरणे मांडली आणि त्यांतली नऊ जिंकली. पुढे त्या न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटमध्ये आणि मॅनहॅटन या न्यूयॉर्क शहरातील विभागाच्या (‘बरो’च्या) अध्यक्षपदी होत्या. मात्र ‘अशी पार्श्वभूमी, म्हणून असे निकाल’ हे समीकरण मांडण्याचा मोह टाळावा. 1975 मध्ये वकिली कंपनीतील स्त्री-पुरुष भेदभावाच्या एका खटल्यात प्रतिवादींनी नेमके हेच समीकरण मांडून मॉटली यांनी खटल्यातून बाजूला व्हावे अशी मागणी केली होती. वंश किंवा लिंग हेच कारण पुरेसे मानले, तर या न्यायालयातला कोणताच न्यायाधीश हा खटला चालवू शकणार नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन त्यांनी ती फेटाळली.

खरा वेळ निकाल वाचण्यात घालवावा. जिल्हा न्यायालयांचे निवडक निकाल ‘फेडरल सप्लिमेंट’ या ग्रंथमालेत छापले जातात आणि ‘461 एफ. सप. 86’ या संदर्भाचा अर्थ 461 वा खंड, पान 86 असा असतो. हा संदर्भ 1978 च्या लुड्टके विरुद्ध कून या निकालाचा आहे. 1977 च्या वर्ल्ड सिरीज या बेसबॉलच्या अंतिम मालिकेच्या वेळी यांकी स्टेडियममध्ये मेलिसा लुड्टके या बेसबॉल वार्ताहराला खेळाडूंच्या कपडे बदलण्याच्या खोलीत जाण्यास मनाई होती, पुरुष वार्ताहरांना नव्हती. बातम्यांमध्ये चर्चा झाली ती शालीनतेची. निकाल वाचला तर कळते की आधी सोडवायचा प्रश्न फारच रूक्ष होता : समतेची हमी देणारी चौदावी घटनादुरुस्ती सरकारी कृतीला लागू होते, मग खासगी संघाच्या नियमाला ती कशी लावायची? स्टेडियम न्यूयॉर्क शहराच्या मालकीचे आणि संघाला भाड्याने दिलेले आहे, या वस्तुस्थितीवर मॉटली यांनी तो प्रश्न सोडवला. खेळाडूंचा खासगीपणा संपूर्ण बंदी न घालताही जपता येईल, असे त्यांनी पुढे म्हटले. वाचताना तीन गोष्टी टिपाव्यात : न्यायालयापुढे अर्ज कोणता होता, वादातीत तथ्ये कोणती आणि आदेश नेमका कोणाला, कुठपर्यंत लागू झाला. जिल्हा न्यायालयाचा निकाल त्याच न्यायालयातल्या दुसऱ्या न्यायाधीशालाही बंधनकारक नसतो, हे माहीत असले की ‘कायदा बदलला’ अशी घाईची वाक्ये आपोआप गळतात.

प्रत्येक निकालानंतर अपिलात काय झाले ते तपासावे. एकांत कोठडीत ठेवलेल्या मार्टिन सोस्ट्रे या कैद्याच्या बाजूने मॉटली यांनी 1970 मध्ये दिलेला निकाल न्यूयॉर्कचा समावेश असलेल्या ‘दुसऱ्या सर्किट’ या विभागाच्या अपील न्यायालयाने पुढच्या वर्षी अंशतः कायम केला आणि अंशतः फिरवला. किती निकाल फिरले याची नुसती मोजदाद निरुपयोगी आहे. अपील न्यायालय न्यायाधीशाने काढलेल्या तथ्यांना सहसा हात लावत नाही, कायद्याचा प्रश्न मात्र नव्याने तपासते. म्हणून फिरवले गेले ते काय, हे पाहावे.

छापील निकालांच्या बाहेर फार मोठे काम राहते. बहुतेक दिवाणी दावे तडजोडीने किंवा अर्जांवरच मिटतात, बहुतेक फौजदारी खटले गुन्ह्याच्या कबुलीने संपतात आणि न्यायाधीशाचा दिवस तारखा, पुराव्याचे वाद व शिक्षेच्या सुनावण्या यांत जातो. अलीकडच्या खटल्यांची नोंदवही पेसर या सरकारी संगणकप्रणालीवर पाहता येते. पानाला दहा सेंट पडतात, साधारण दस्तऐवजाला कमाल तीन डॉलर, आणि तिमाहीचे बिल तीस डॉलरपर्यंत असेल तर ते माफ होते. कोर्टलिसनर या संकेतस्थळावर त्यांतले बरेच कागद फुकट सापडतात, तेव्हा आधी तिथे शोधावे. मॉटली यांच्या सत्तरच्या दशकातील खटल्यांसाठी मात्र राष्ट्रीय अभिलेखागाराकडेच वळावे लागते.

पदांचा अर्थही जपून लावावा. मॉटली 1982 ते 1986 आपल्या जिल्हा न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश होत्या, पण हे पद ज्येष्ठतेने मिळते, निवडून नव्हे. 30 सप्टेंबर 1986 रोजी त्यांनी ‘सीनियर’ दर्जा घेतला. वयाची पासष्ट आणि सेवेची पंधरा वर्षे पूर्ण झाली की हा दर्जा घेता येतो, आणि त्यांना पासष्ट वर्षे त्याच महिन्याच्या 14 तारखेला झाली होती. याला निवृत्ती म्हणणे चूक ठरेल, कारण जागा नव्या नेमणुकीसाठी मोकळी होते, तरी न्यायाधीश हवे तितके काम चालू ठेवू शकतो. मॉटली मृत्यूपर्यंत न्यायाधीशच होत्या.

शेवटी खासगी कागदपत्रे शोधावीत. न्यायाधीशाच्या दालनातील टिपणे आणि मसुदे अमेरिकेत त्याची व्यक्तिगत मालमत्ता मानले जातात, त्यामुळे ते न्यायालयात न मिळता एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मिळतात. मॉटली यांची कागदपत्रे मॅसॅच्युसेट्समधील स्मिथ कॉलेजात आहेत. अशा संग्रहाची सूची आधी वाचावी, हवी ती पेटी नेमकी कळवावी आणि मगच प्रतींची मागणी करावी.