घट बसवताना: माती, धान्य, माळा आणि दसऱ्याचा तुरा

नवरात्रात घट बसवण्याआधी सासूबाई चाळलेली माती मुठीत घट्ट दाबतात आणि मूठ उघडतात. ढेकूळ टिकलं, बोटानं ढोसल्यावर फुटलं आणि तळहाताला चिखल लागला नाही, की म्हणतात, "आला वाफसा. आण धान्य." वाफसा म्हणजे पेरणीला हवी तेवढीच ओल.

पुरंदर तालुक्यातल्या आमच्या घरी घट असाच बसतो आणि पुण्यातल्या फ्लॅटमध्ये मीही तो असाच बसवते. घटाची पूजा असतेच, पण त्याआधी ती पेरणी आहे. माती किती ओली असावी, दाणे कसे टाकावेत, पाणी कधी थांबवावं, हे सगळं शेतातल्यासारखंच. दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं, "आमचं धान्य कुजलं, काही अशुभ तर नाही ना?" नाही हो. पाणी जास्त झालं, एवढंच. आमच्याकडे घट जसा बसतो तसं सगळं सांगते. तुमच्या घरचा कुळाचार वेगळा असेल तर अर्थातच तो आधी.

माती आणि घट

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसतात. त्याआधीच्या रविवारी तयारीला लागा. माती शेतातली असेल तर उत्तम. गावाकडून येणाऱ्या कोणाला तरी दोन-तीन किलो आणायला सांगा. आम्ही काळी माती घेतो, पण नुसती काळी माती ओली झाली की चिकटते आणि वाळली की वर पापडी धरते, मग कोंबाला बाहेर येता येत नाही. म्हणून तीन भाग मातीला एक भाग जुनं, कुजलेलं शेणखत मिसळा आणि खडे, काड्या चाळून काढा. ताजं शेण मात्र नको. एका वर्षी मी घाईत बाहेरून कुंडीसाठीची तयार पिशवी आणली. तिच्यात जवळजवळ सगळा नारळाचा भुसाच होता. त्यात पाणी धरून राहिलं आणि चौथ्या दिवशी दाण्यांवर पांढरी बुरशी आली. तेव्हापासून माती गावचीच.

घट साधा, न रंगवलेला घ्या. मंडई-तुळशीबागेच्या आसपास या दिवसांत रंगीत, आरशा लावलेले घट खूप दिसतात. दिसायला छान असतात, पण त्यांच्या मातीतली बारीक भोकं रंगानं बुजलेली असतात. न रंगवलेला मातीचा घट माठासारखा पाझरतो. त्यात भरलेलं पाणी थेंबाथेंबानं बाहेर येतं आणि भोवतालची माती आपोआप ओली राहते. आपल्या आज्यांनी पाण्याची सोय घटातच करून ठेवली होती. आणल्यावर घट एक रात्र पाण्यात बुडवून ठेवा. तडा असेल तर तेव्हाच कळतो.

धान्य

सात धान्यं घ्यायची रीत आहे. कोणती सात, हे भागाप्रमाणे बदलतं. आमच्याकडे गहू, ज्वारी, बाजरी, हरभरा, मूग, मटकी आणि करडई. काही घरी फक्त गहू पेरतात, तेही चालतं. धान्य अख्खं हवं. डाळ उगवत नाही आणि पॉलिश केलेला तांदूळही नाही, भात घ्यायचा तर टरफलासकट. कृषी सेवा केंद्रातलं गुलाबी-निळं रंगवलेलं बियाणं मात्र घरात नको. त्याला औषध चोळलेलं असतं आणि दसऱ्याला घटात उगवलेले हेच कोंब, म्हणजे तुरे, गायीला घालायचे असतात.

गहू, ज्वारी रात्रभर भिजवले तर एक दिवस लवकर कोंब येतात. हरभरा भिजवू नका. तो दाणा मोठा, पटकन पाणी पितो आणि सगळ्यात आधी कुजतो. तो कडेकडेनं, एकेक दाणा लावा.

जुन्या माणसांसाठी घट म्हणजे बियाण्याची परीक्षाही होती. रब्बी ज्वारीची पेरणी साधारण याच दिवसांत असते. घरातल्या कणगीतली ज्वारी घटात जोमानं आली तर ती पेरायला चांगली, विरळ आली तर बियाणं बदला. अजूनही शेतकरी ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून किती उगवले ते मोजतात, त्याचंच हे देवघरातलं रूप.

पहिला दिवस

चौरंग किंवा पाट मांडा. त्यावर बांबूची परडी, नाहीतर पळसाची पत्रावळ. पत्रावळ असेल तर खाली ताट ठेवा, नाहीतर पाझरलेलं पाणी लाकडात मुरतं. मुंग्यांचा त्रास असेल तर चौरंगाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. दाण्यांच्या वासानं मुंग्या हमखास येतात.

परडीत दोन-अडीच इंच मातीचा थर द्या. पाणी शिंपडून वाफसा आणा, मुठीची परीक्षा घ्या. मधोमध घट टेकवा. भोवतीनं धान्य टाका, पण ओतू नका. "दाण्याला दाणा लागू देऊ नको," हे सासूबाईंचं पालुपद आहे, आणि त्यात तथ्य आहे. दाटी झाली की हवा खेळत नाही आणि बुरशी एका दाण्यावरून दुसऱ्यावर जाते. वरून अर्धा इंच कोरडी माती भुरभुरवा.

घटात पाणी भरा. त्यात सुपारी, हळकुंड, अक्षता आणि एक नाणं. तोंडाशी विड्याची पाच पानं, त्यावर नारळ. घटाला हळद-कुंकवाची बोटं ओढा. देवीचा टाक विड्याच्या पानावर ठेवा. आता नऊ दिवस देव हलवायचे नाहीत. म्हणूनच "देव बसले" म्हणतात. त्या दिवसांत टाकाला स्नान नसतं, फक्त फुलं, धूप, आरती.

अखंड दिव्याला खोलगट समई किंवा काचेची चिमणी असलेला दिवा घ्या. वात जाड, तेल रोज सकाळ-संध्याकाळ. दिवा घटापासून हातभर लांब, आणि माळांच्या बरोबर खाली कधीच नको, कारण पाचव्या-सहाव्या दिवशी जुन्या माळा वाळून कागदासारख्या होतात. घर बंद करून जाणार असाल तर शेजारी कोणाला तरी सांगून जा. दिवा विझला तर हात जोडून परत लावा. त्यात भिण्यासारखं काही नाही.

नऊ दिवस

पाण्याचं गणित सोपं आहे. पहिले दोन दिवस माती बोटानं तपासा, ओली असेल तर काहीच घालू नका. नंतर रोज सकाळी हातानं थोडं शिंपडा, तांब्या उपडा करू नका. घटातलं पाणी खाली गेलं तर तेवढंच भरा. तिसऱ्या दिवशी माती ठिकठिकाणी फुगलेली दिसते, चौथ्या दिवशी गव्हाचे पांढरे टोक वर येतात. घरातल्या लहान मुलांना त्या सकाळी आवर्जून दाखवा.

तुरे हिरवे न होता पिवळसर का, हेही लोक विचारतात. देवघरात उजेड कमी असतो. उजेड नसला की हिरवा रंग तयार होत नाही आणि कोंब उजेड शोधत भराभर उंच जातो. हळदीसारखे ते पिवळे तुरे गावाकडे मुद्दाम आवडीनं जपतात. हिरवे हवे असतील तर परडी खिडकीजवळच्या कोपऱ्यात मांडा. घट मागाहून हलवता येत नाही, तेव्हा जागा आधीच ठरवा.

माळ रोज एक, घटावर लोंबेल अशी. पहिली विड्याच्या पानांची. पुढे झेंडू, शेवंती, गोकर्ण, आणि गावाकडे कारळ्याची, तरवडाची पिवळी फुलं, जी फुकट मिळतात आणि सगळ्यात सुंदर दिसतात. पुण्यात मार्केट यार्डाच्या फुलबाजारात पहाटे गेलात तर दोन-तीन दिवसांची फुलं एकदम स्वस्तात येतात. ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. गावाकडच्या घरात माळ तुळईला बांधतात. फ्लॅटमध्ये आम्ही देव्हाऱ्याच्या कमानीला जाड दोरी बांधतो. माळांची संख्या तिथीवर ठरते. २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला घट बसले आणि दसरा २ ऑक्टोबरला आला, म्हणून माळा दहा झाल्या.

उपवास झेपेल तसा करा. नऊ दिवस जमत नसतील तर उठता-बसता करा, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशी. संध्याकाळी सोसायटीत भोंडला ठेवलात तर पाटावर हत्ती काढा आणि खिरापत शेवटपर्यंत झाकून ठेवा. ओळखण्यातच मजा आहे.

अष्टमीला फुलोरा, म्हणजे देवीपुढे घटावर टांगायचे तळलेले पदार्थ. त्यासाठी कडाकण्या करतात. एक वाटी बारीक रवा, एक वाटी मैदा, दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन, चिमूटभर मीठ. अर्धी वाटी गूळ थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्या आणि त्यात पीठ घट्ट भिजवा, तासभर झाकून ठेवा. पातळ पुऱ्या लाटा, फुगू नयेत म्हणून काट्यानं टोचा आणि दोरा ओवण्यासाठी तळण्याआधीच एक भोक पाडा. तळल्यावर भोक पाडायला गेलं की कडाकणी मोडते. मंद आचेवर तळा. याच पिठाची देवीसाठी वेणी, फणी, करंडा करतात. ते काम मुलांकडे द्या.

दसरा

खंडेनवमीला आमच्याकडे विळा, खुरपं, कोयता धुऊन पुजतात. पुण्यात गाडी आणि लॅपटॉप पुजतो. दसऱ्याला सकाळी घट उठतो. नारळ उचला, घटातलं पाणी आंब्याच्या पानानं घरभर शिंपडा. तुरे मुळासकट अलगद काढा, माती झटका. पहिला तुरा देवाला, मग पुरुषांच्या टोपीत, बायकांच्या वेणीत. गावात हे तुरे घेऊन आधी ग्रामदेवतेला जातात. पुण्यात आम्ही तांबडी जोगेश्वरीला जातो, ती पुण्याची ग्रामदेवता. शक्य असेल तर संध्याकाळपर्यंत गाव गाठा. वेशीबाहेर सीमोल्लंघन आणि परतताना घरोघर सोनं देणं, याची सर फ्लॅटच्या जिन्याला येत नाही. आमच्या बाजूची बरीच मंडळी रात्री जेजुरीला जातात. तिथे पालख्यांची भेट होते आणि ४२ किलोचा खंडा, म्हणजे तलवार, उचलण्याची स्पर्धा लागते.

सोनं घेताना पानं बघून घ्या. बाजारात आपट्याच्या नावानं कांचनाच्या फांद्या सर्रास विकतात. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त आणि थोडंच दुभंगलेलं असतं. कांचनाचं पान मोठं, मऊ आणि खोल दुभंगलेलं. आणि आपट्याची अख्खी फांदी ओरबाडू नका. घरात चार जणांना पुरतील एवढी पानं खुडा, नमस्कार करताना एकेकच पान द्या.

उरलेले तुरे गायीला घाला. माती मुठा नदीत टाकू नका. कुंडीत घाला, तिच्यात राहिलेला मूग-मटकीचा एखादा वेल पुढे महिनाभर वाढतो. गावी जाणार असाल तर पिशवीत भरून न्या. सासूबाई ती माती ज्वारीच्या वावरात, पेरणीला जिथून सुरुवात करायची त्या कोपऱ्यात पसरतात.