म्हातारा डिलन लाइव्ह ऐकायला जाताय?
अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनच्या शोला पहिल्यांदाच जाणार असाल तर आधी डोक्यातलं १९६५ काढून टाका, न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात इलेक्ट्रिक गिटार घेतली म्हणून लोकांचा ओरडा खाल्लेला तो पोरगा आता ऐंशी पार आहे आणि बहुतेक वेळ पियानोमागेच असतो. बऱ्याच शोला फोन पाऊचमध्ये लॉक करतात, बरंच आहे खरंतर. जायच्या आधी त्याचा २०२० चा अल्बम 'रफ अँड रावडी वेज' दोन-तीनदा ऐकून जा, कारण जुनी हिट गाणी वाजतीलच असं नाही आणि वाजली तरी चाल इतकी बदललेली असते की अर्धं कडवं संपेपर्यंत ओळखूच येत नाही, म्हणून कान शब्दांवर ठेवा. सोबत गायला जाऊ नका, पचका होतो! आणि आवाज घोगरा म्हणून कुरकुरू नका, मखमली होता कधी?