लिनक्स टाकलं, आता पुढं काय?

इन्स्टॉल झालं, वायफाय लागलं, आन मग आठवडाभर वॉलपेपर न थीम बदलण्यातच जातो, बरेच जण इथंच अडकतात भो. कोणीतरी शंभर कमांडची पीडीएफ पाठवतं, ती उघडून पण पाहत नाही कोणी. माझं म्हणणं एवढंच की कमांड पाठ करू नको, घरचं एखादं खरं काम घे आन ते टर्मिनलमधून, म्हंजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून, कर. उबुंटू किंवा मिंट हे लिनक्सचे प्रकार धरून सांगतोय, आन कमांड इथं देवनागरीत लिहिल्यात तरी टाइप इंग्रजी अक्षरांत न आकड्यांतच करायच्या.

आपल्या रावेर-यावलकडं घरी केळी नसली तरी केळीवाला नातेवाईक असतोच. होम फोल्डरमधे भाव.टीएक्सटी नावाची फाइल कर, रोज एक ओळ टाक, तारीख, गाव, क्विंटलचा भाव, मधे एकेक स्पेस, आन गावाचं नाव मराठीत चालतं, मग कमांडमधे पण ते मराठीतच टाक. आकडे मात्र इंग्रजीच टाकजो, मराठी आकडे सॉर्टला आकडे वाटतच नाहीत. थोड्या ओळी जमल्या की हे चालव:

ग्रेप रावेर भाव.टीएक्सटी | सॉर्ट -के३ -एन | टेल -१

ग्रेपनं रावेरच्या ओळी काढल्या, सॉर्टनं तिसऱ्या कॉलमवरून लहान ते मोठा लावल्या, टेलनं शेवटची दाखवली, म्हंजे रावेरचा सगळ्यात जास्त भाव आन तारीख समोर. मधली उभी रेघ म्हंजे पाइप, एकाचं आउटपुट दुसऱ्याला देते. आता टेलच्या जागी हेड टाक, मग सॉर्ट-टेल काढून "डब्ल्यूसी -एल" लाव, काय बदललं ते पाह्य. अडलं तर "मॅन सॉर्ट", त्या कमांडची माहिती उघडते, बाहेर यायला क्यू दाब. रावेर हे नाव टर्मिनलमधे काना-मात्रा विस्कटून दिसलं तर घाबरू नको, काही टर्मिनलना देवनागरी नीट मांडता येत नाही, फाइल ठीकच असते.

दुसरं म्हंजे लाइट. अपडेट चालू असताना लाइट गेली आन यूपीएस नसला तर पुढच्या वेळी एपीटी (सॉफ्टवेअर टाकणारा प्रोग्राम) रुसून बसतं, त्याच्या आतलं डीपीकेजी मधेच थांबलं म्हणून सांगतं. तो मेसेज नीट वाच, त्यातच उपाय लिहिलेला असतो: "सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए". यासाठी फॉरमॅट मारणारे लोक पाहिलेत मी! आधीच्या बूटला, म्हंजे मागच्या वेळी कॉम्प्युटर चालू केला तेव्हा, काय बिघडलं ते "जर्नलसीटीएल -बी -१ -पी ईआरआर" सांगतं. मदत मागताना "चालत नाही भाऊ" असं न लिहिता त्या ओळी जशाच्या तशा दे, उत्तर लवकर मिळतं. डिस्क तपासायला एफएससीके चालवायचं असेल तर चालू असलेल्या पार्टिशनवर कधीच नाही, ज्या पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉल केलं त्यानंच लाइव्ह बूट करून, म्हणून तो पेन ड्राइव्ह इतक्यात पुसू नको.

मे महिन्यात भुसावळला पारा ४५च्या वर जातो तेव्हा लॅपटॉप पण भाजतो. एलएम-सेन्सर्स न एचटॉप टाकून घे, "सेन्सर्स" तापमान दाखवतं, एचटॉपमधे सीपीयू कोण खातंय ते कळतं, बहुतेक ब्राउझरच निघतो.

परवानगी नाही असा एरर आला की सीएचमॉड ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) सांगणारे भेटतील, नको करजो. आधी "एलएस -एल" करून फाइल कोणाची आहे ते पाह्य.

हे जमलं की बॅकअप. त्यासाठी आरसिंक ही फोल्डर कॉपी करायची कमांड, आन आरसिंक -एव्हीएन म्हंजे नुसती तालीम, काय कॉपी होईल ते दाखवतं पण करत नाही, पटलं की एन काढ. सोर्स फोल्डरच्या शेवटी स्लॅश दिला तर आतला माल जातो, नाही दिला तर फोल्डरच जातो, इथं सगळे गंडतात. हाताने काही वेळा करून भरवसा आला की "क्रॉनटॅब -ई" मधे, म्हंजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, टाक, पण समज बॅकअपची बाहेरची डिस्क एमएनटीमधल्या बॅकअप फोल्डरवर माउंट होते (जोडली जाते) आन त्या दिवशी लावायचीच राहिली, तर कॉपी त्या रिकाम्या फोल्डरमधे म्हंजे तुझ्याच हार्डडिस्कवर होऊ शकते, म्हणून आरसिंकच्या आधी "माउंटपॉइंट -क्यू /एमएनटी/बॅकअप &&" लाव, मग डिस्क नसली की पुढचं चालतच नाही.