थकलेल्या बिलाचे पत्र कसे लिहावे: कार्यालयीन पत्रव्यवहाराचे काही अनुभव

लघुउद्योगाच्या कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या माणसाकडे पत्रव्यवहार सोपवला की त्याला बहुधा भाषेची धास्ती वाटते. इंग्रजी कच्चे आहे, शुद्धलेखन चुकेल, ‘महोदय’ लिहावे की ‘माननीय’, अशा त्याच्या शंका असतात. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी हे काम दीर्घकाळ केले आणि पुढे नवीन मुलांना शिकवलेही. भाषा सरावाने सुधारते. परंतु हे पत्र कोणाच्या टेबलावर जाणार आणि त्या माणसाने ते वाचून नेमके काय करायचे, हा विचार आधी करण्याची सवय मात्र मुद्दाम लावून घ्यावी लागते.

थकबाकीच्या मागणीचे पत्र घेऊ, कारण लघुउद्योगात सर्वाधिक पत्रे याच कारणासाठी लिहिली जातात. पत्र खरेदी अधिकाऱ्याच्या नावाने जाते, पण तो ते स्वतः निकाली काढत नाही. तो ते लेखा विभागाकडे पाठवतो आणि तिथला कर्मचारी परचेस ऑर्डर (त्यांनी दिलेली लेखी मागणी), आपले बिल व त्यांच्या स्टोअरने केलेली माल मिळाल्याची नोंद, म्हणजे जीआरएन, हे तीन कागद जुळवून पाहतो. तिन्ही जुळले तरच बिल पेमेंटला लागते. पत्रात यांपैकी एकाचाही क्रमांक नसेल तर त्याला शोधाशोध करावी लागते, आणि महिनाअखेरीच्या गडबडीत शोधाशोध करायला लावणारे पत्र बाजूला पडते. त्यात कोणाचा वाईट हेतू असतोच असे नाही.

नवशिक्याचे पत्र साधारणतः असे असते: ‘आपणांस नम्रपणे कळविण्यात येते की, वारंवार पाठपुरावा करूनही आमच्या देयकांची रक्कम अद्याप प्राप्त झालेली नाही. तरी सदर बाब गांभीर्याने घेऊन लवकरात लवकर कार्यवाही करावी ही विनंती.’ व्याकरणात खोट नाही, परंतु कोणती देयके, किती रक्कम, केव्हापासून थकलेली आणि लवकर म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत, यांपैकी काहीच यात नाही.

तेच पत्र मी असे लिहायला सांगतो. विषयाच्या ओळीत ‘थकीत रक्कम रु. 3,37,480 : बिल क्र. 214, 231 व 240’ एवढे असावे, आणि संदर्भात परचेस ऑर्डरचा क्रमांक व दिनांक. पुढे मजकूर: ‘वरील ऑर्डरनुसार पुरवलेल्या मालाच्या तीन बिलांची रक्कम येणे आहे. बिल क्र. 214 (रु. 1,84,080) मधील माल दि. 8 जून रोजी आपल्या स्टोअरने स्वीकारला असून 45 दिवसांची मुदत दि. 23 जुलै रोजी संपली आहे.’ उरलेल्या दोन बिलांचा तपशील याच रीतीने द्यावा, म्हणजे रु. 92,040 आणि रु. 61,360 कशाचे, हे वाचणाऱ्याला विचारावे लागणार नाही. शेवटी एकच मागणी असावी: ‘कृपया दि. 10 ऑगस्टपर्यंत रक्कम जमा करावी. एखाद्या बिलाबाबत हरकत असल्यास ती त्याच तारखेपर्यंत लेखी कळवावी.’ हे शेवटचे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण ‘माल रिजेक्ट झाला होता’ हे सहा महिन्यांनी सांगण्याची वाट त्याने बरीच अरुंद होते. बिलांच्या व जीआरएनच्या प्रती सोबत जोडाव्यात आणि ‘सोबत’ या शीर्षकाखाली त्यांची नोंद करावी.

कायद्याचा उल्लेख केव्हा करावा, हा प्रश्न नेहमी येतो. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, ही मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि लेखी करार नसेल तर ती 15 दिवसांची असते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागू होते. शिवाय 2023 च्या वित्त कायद्याने केलेल्या दुरुस्तीमुळे असे पैसे मुदतीत न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च प्राप्तिकरात प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच दाखवता येतो. जीएसटीतही 180 दिवसांत पुरवठादाराचे पैसे न दिल्यास घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवरील कराची वजावट, व्याजासह परत करावे लागते. ही शस्त्रे खरी आहेत, पण पहिल्याच पत्रात ती काढू नयेत असे माझे मत आहे, कारण पुढच्या महिन्यात याच गिऱ्हाइकाकडून ऑर्डर हवी असते. पहिल्या पत्रात फक्त उद्यम नोंदणी क्रमांक, म्हणजे आपण सूक्ष्म किंवा लघु उद्योग असल्याची सरकारी नोंद, ठळकपणे छापावा. लेखा विभागातील जाणत्या माणसाला तेवढे पुरते. दुसऱ्या पत्रात कलमाचा उल्लेख एका वाक्यात, धमकीचा सूर न लावता करावा. फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे याच कायद्याखाली थकबाकीच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाकडे, जाण्याची भाषा मात्र खरोखर जायचे ठरल्याशिवाय वापरू नये.

एक गोष्ट नवीन लोकांच्या लक्षातच येत नाही. विकलेल्या मालाच्या किमतीच्या वसुलीचा दावा साधारणतः तीन वर्षांत लावावा लागतो, आणि आपण कितीही स्मरणपत्रे पाठवली तरी ही मुदत वाढत नाही. देणेकऱ्याने मुदत संपण्यापूर्वी येणे मान्य असल्याचे सहीनिशी लिहून दिले तर मात्र ती त्या तारखेपासून नव्याने मोजली जाते. म्हणून दर एप्रिलमध्ये पाठवायचे बॅलन्स कन्फर्मेशनचे, म्हणजे येणे बाकी गिऱ्हाइकाकडून मान्य करून घेण्याचे, पत्र केवळ ऑडिटरच्या समाधानासाठी असते असे समजू नये. त्यावर सही-शिक्का होऊन ते परत येईपर्यंत फोन करत राहावे.

रिजेक्शनच्या तक्रारीचे उत्तर याहून नाजूक असते. गिऱ्हाइकाने 500 पैकी 40 नगांचा व्यास ड्रॉइंगपेक्षा जास्त असल्याचे कळवले, तर पत्र आल्याच्या दिवशीच पोच द्यावी. मात्र तपासणीपूर्वी ‘चूक आमची आहे’ किंवा ‘आमचा माल निर्दोष होता’ यांपैकी काहीही लिहू नये. आमचा माणूस अमुक तारखेला येऊन नग मोजेल, तोवर ते वेगळे ठेवावेत, आणि मोजणीनंतर दोन दिवसांत बदली माल किंवा क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) यांबाबत निर्णय कळवू, एवढे पुरे. क्वालिटी विभागाला विचारल्याशिवाय या पत्रावर सही घेऊ नये, कारण पुढे गिऱ्हाइकाने पैसे कापण्यासाठी काढलेल्या डेबिट नोटवरून वाद झाला तर हेच पत्र समोर ठेवले जाते.

महामंडळ, वीज कंपनी किंवा जिल्हा उद्योग केंद्र यांना पत्र मराठीतच लिहावे. तिथे काम आवक क्रमांकावर चालते, म्हणून प्रतीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

ईमेलबाबत दोनच सूचना करतो. जुन्याच साखळीत नवा विषय सुरू करू नये, आणि वरिष्ठांना सीसीमध्ये टाकणे हा दाब आहे हे ओळखून तो जपून वापरावा. व्हॉट्सॲपवर ठरलेली प्रत्येक गोष्ट, विशेषतः दर आणि डिलिव्हरीची तारीख, त्याच दिवशी ‘आजच्या बोलण्यानुसार’ असे म्हणून ईमेलने पक्की करावी.

छापील पत्र पाठवताना लेटरहेड तपासावे. खासगी मर्यादित कंपनी असेल तर त्यावर नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, कॉर्पोरेट ओळख क्रमांक, दूरध्वनी व ईमेल असणे कायद्याने बंधनकारक आहे. जावक नोंदवहीत क्रमांक टाकल्याशिवाय कागद बाहेर जाऊ देऊ नये. जुने रजिस्टर्ड पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, त्यामुळे महत्त्वाची पत्रे आता स्पीड पोस्टनेच जातात. पत्र पोचल्यावर वितरणाची नोंद लगेच छापून घ्यावी आणि पावतीसह स्थळप्रतीला, म्हणजे आपल्याकडे ठेवलेल्या प्रतीला, टाचून ठेवावी.