'येस' कधी, 'नो' कधी: खानदेशातून ब्रिटनला नव्याने आलेल्यांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येणाऱ्या बहुतेकांचं इंग्रजी व्याकरण वहीत पक्कं असतं. अडतं ते बोलताना, कारण वाक्य डोक्यात मराठीत नाहीतर अहिराणीत जुळतं आणि वरून इंग्रजी शब्द चढतात. साचा कुठे दगा देतो ते ठाऊक असलं, की चूक तोंडातून निघायच्या आत धरता येते.

सगळ्यात महाग पडते ती 'येस' आणि 'नो'ची गल्लत. आपण समोरच्याच्या बोलण्याला दुजोरा देतो: "कार्ड मिळालं नाही का?" "हो, नाही मिळालं." इंग्रजीत प्रश्न कसा विचारला ते बघायचंच नाही; मिळालं असेल तर 'येस', नसेल तर 'नो'. बँकेतून फोनवर "यू हॅवन्ट रिसीव्हड द कार्ड?" असं विचारलं आणि तुम्ही नुसतं 'येस' म्हणालात, तर कार्ड पोचलं असा अर्थ लागू शकतो आणि नवीन कार्ड निघतच नाही. म्हणून उत्तर पूर्ण द्या: "नो, आय हॅवन्ट." तसंच "डू यू माइंड इफ आय सिट हिअर?" यातलं 'माइंड' म्हणजे हरकत. बसू द्यायचं असेल तर "नो, नॉट ॲट ऑल." आपण "येस, येस" म्हणत हाताने जागा दाखवतो, म्हणून निभावतं. फोनवर हात दिसत नाही.

दुसरी अडचण 'पासून'ची. मराठीत 'सोमवारपासून' आणि 'तीन दिवसांपासून' दोन्हीकडे एकच शब्द चालतो. इंग्रजीत सुरुवात सांगायची असेल तर 'सिन्स', किती काळ ते सांगायचं असेल तर 'फॉर': 'सिन्स मंडे', पण 'फॉर थ्री डेज'. क्रियापदही बदलतं. 'मी इथे दोन वर्षांपासून राहतो' हे 'आय लिव्ह' नव्हे, "आय हॅव लिव्हड हिअर फॉर टू इयर्स." मुलाखतीत तर फारच जपा. "आय वर्क्ड देअर फॉर टू इयर्स" म्हटलं, की नोकरी सुटली असा अर्थ होतो. नोकरी चालू असेल तर "आय हॅव बीन वर्किंग देअर."

आपला 'च' इंग्रजीत 'ओन्ली' होऊन बाहेर पडतो: "आय ॲम कमिंग टुडे ओन्ली." इथल्या माणसाला ते 'फक्त आज, उद्या नाही' असं ऐकू येतं. इंग्रजीतला 'च' आवाजात असतो. 'टुडे'वर जोर द्या, झालं.

काही ठिकाणी मात्र मराठीच वाट दाखवते. 'म्हणणं' म्हणजे 'से', 'सांगणं' म्हणजे 'टेल'. 'टेल'नंतर माणूस थेट येतो, मध्ये 'टू' नको: "ही टोल्ड मी", पण "ही सेड टू मी." उसनं घेणं 'बॉरो', उसनं देणं 'लेंड'. पेन मागताना 'कॅन आय लेंड' म्हणालात, तर तुम्हीच द्यायला निघालात.

दुकानात भरतासाठी 'ब्रिंजल' मागू नका; इथे ते 'ऑबर्जीन', अमेरिकेत 'एगप्लान्ट'. (जळगावचं हिरवट वांगं सुपरमार्केटात नसतंच, जांभळ्यावर भागवायचं.) मैदा म्हणजे 'प्लेन फ्लाउअर', भेंडी 'ओक्रा'. भाकरीचं पीठ इंग्रजीत 'सॉर्गम फ्लाउअर', पण गुजराती दुकानात पिशवीवर 'जुवार' असतं. 'मटन' म्हणजे मोठ्या मेंढीचं. बोकडाचं हवं तर 'गोट' म्हणा. गाडीची डिकी म्हणजे 'बूट', आणि 'स्टेपनी' म्हणजे 'स्पेअर व्हील'. गंमत अशी, की 'स्टेपनी' हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ च्या सुमारास असं सुटं चाक तिथेच निघालं. ब्रिटनमध्ये आज तो शब्द कुणी वापरत नाही, धुळ्याच्या पंक्चरवाल्याकडे मात्र रोज चालतो.

वेळ ठरवताना 'हाफ सेव्हन' म्हणजे साडेसात, साडेसहा नव्हे.

उच्चारात एक 'व' नडतो, कारण आपण दोन इंग्रजी ध्वनींसाठी एकच वापरतो. बनियनसाठी 'व्हेस्ट' म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवा; पश्चिमेसाठी 'वेस्ट' म्हणताना ओठ गोल करा, दात कुठेच लागू देऊ नका. आरशासमोर दोन्ही शब्द आलटून पालटून म्हणून बघा. फरक कानाआधी आरशात दिसतो.